सहा बाय चारचं पोस्टर घेऊन अकोल्याला

वलगाव

आमचं स्वतःचं वावर नव्हतं. दुसऱ्याच्या वावराचा एक तुकडा मक्त्यानं घेऊन माझे आईबाबा त्यात मेथी, पालक आणि सांबार लावायचे. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या वाचकांनी गोंधळून जाऊ नये. आई अंधारात उठून जुड्या बांधायची आणि बाबा सायकलवर पोतं लादून अमरावतीच्या बाजारात न्यायचे. जे विकलं जायचं नाही ते आम्ही खायचो, म्हणून पालक आजही माझ्या घशाखाली उतरत नाही. शाळेत माझ्या दप्तराला मेथीचा वास यायचा आणि पोरी बाक सोडून दुसरीकडे बसायच्या. एका वर्षी मालकानं तो तुकडा तेवढ्या वर्षापुरता दुसऱ्यालाच दिला. तेव्हा बाबा कोणाच्याही गाड्यावर हमाली करत होते आणि मला शाळेतून काढायचं ठरलं होतं. आई अडून बसली म्हणून मी शिकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना मला लाज वाटत नाही, उलट मी हे दोनदा सांगते.

वनस्पतिशास्त्रात एमएस्सी झाल्यावर मला पीएचडी करायची होती. सरांकडे जागा एकच होती आणि आम्ही दोघं होतो, मी आणि अंकित. अंकितचे वडील प्राध्यापक, घरी पुस्तकांची कपाटं. सर म्हणाले, "हिवाळ्यात अकोल्याला परिषद आहे. दोघंही पोस्टर लावा. मी बघतो, मग ठरवतो."

पोस्टर म्हणजे काय, हेच मला नीट माहीत नव्हतं. सरांना विचारलं तर म्हणाले, "सगळं आलं पाहिजे, पण शब्द कमी पाहिजेत. वाचायला सोपं, पण काही सुटायला नको." मी वहीत हे लिहून घेतलं आणि घरी येऊन पुन्हा पुन्हा वाचलं, तरी उलगडलं नाही. अंकित म्हणाला, मोकळी जागा सोडायची, डोळ्याला आराम मिळतो. हे तर मला मुळीच पटलं नाही. बाजारात आमच्या टोपलीचा तळ दिसला की गिऱ्हाईक पुढे जातं. त्याला वाटतं, उरलंसुरलं आहे. आई चार जुड्या उरल्या तरी खाली पोतं गुंडाळून टोपली भरलेली दाखवायची. मी तसंच केलं. जिथे जागा दिसली तिथे एक परिच्छेद बसवला.

माझा विषयही बाजारातलाच होता. विक्रेते दिवसभर पालेभाजीवर पाणी मारत राहतात. मी विभागाच्या मागच्या खोलीत मेथीच्या काही जुड्यांवर तसंच पाणी मारत राहिले, आणि काही जुड्या कोरड्याच ठेवून वरून ओलं गोणपाट पांघरलं. रोज सकाळी फोटो काढले. पाणी मारलेल्या जुड्या बांधल्या जागी आतून काळ्या पडून सडल्या. गोणपाटातल्या टिकल्या. बाबांना दाखवलं तर म्हणाले, "तुह्या खोलीतली मेथी अल्लग असन. आमच्या मेथीले पानी माराच लागते." त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही.

अमरावती

पोस्टर छापायला बाबा सोबत आले. फ्लेक्सच्या दुकानात एका नगरसेवकाचा वाढदिवस सुकत पडला होता आणि मालक संगणकावर कोणाच्या तरी डोक्याभोवती तेजोवलय बसवत होता.

मी म्हटलं, "तीन बाय चार पाहिजे."

त्यानं मान वर न करता विचारलं, "कोन गेलं?"

"कोणी गेलं नाही. कॉलेजचं आहे."

"ताई, तीन बाय चार श्रद्धांजलीचं अस्ते. वाढदिवस, सत्कार, उद्घाटन, नेमनूक, सारं सहा बाय चार. आडवं."

मी सांगायला लागले की परिषदेच्या सूचनेत तसं लिहिलंय, पण बाबा मध्ये पडले. "जिती-जागती पोट्टी हाय माही. श्रद्धांजलीच्या मापाचं नाई पाह्यजे. सहा बाय चार कर, भाऊ."

 खरं सांगायचं तर मलाही वाटलं, मोठं आहे ते बरं, माझा मजकूर मावेल. मजकूर सगळा मावला. तरी कोपरे उरले तर मालकानं तिथे गुलाब टाकले. गुलाब मी काढायला लावले. मग मी बाहेर फोनवर बोलायला गेले आणि परत आले तर डाव्या अंगाला एका मोठ्या गोलात सरांचा फोटो बसला होता आणि खाली, शुभेच्छुक : समस्त वलगावकर.

"बाबा, हे काय?"

"गुरूचा फोटो नको काय? तुमच्या विभागाच्या पुस्तिकेतून घेतला. अन् शुभेच्छुक कोनी नसलं तं लोक म्हनतीन, पोट्टीच्या मांगं कोनी नाई."

 शुभेच्छुक काढायला लावले. सरांचा फोटो काढायची माझी हिंमत झाली नाही. सरांना कळलं की आधी होता आणि मी काढला, तर? आणि ठेवला तर चमचेगिरी वाटेल का? विचार करता करता छपाई झाली. मालकानं सवयीनं ते लाकडी चौकटीवर ताणून खिळे मारले आणि माझ्या हाती दिलं. मी दारात उभी राहिले तर चौकट दाराबाहेर आणि मी आत.

अंकितचं पोस्टर मी आदल्या दिवशी विभागात पाहिलं होतं, एका नळीत गुंडाळलेलं. ते त्यानं काखेत धरलं होतं.

दुपारी आम्ही बापलेकीनं चौकट भिंतीला टेकवून गिला वडा खाल्ला. बाहेरगावी हा मिळत नाही. दह्यात भिजलेला वडा, वरून चटणी, आणि हात चिकट. चिकट हातानं मी पोस्टरला शिवू नये म्हणून बाबांनी ते एकट्यानं उचललं, आणि चौकात वारा आला तेव्हा बाबा चौकटीसकट रस्त्याच्या मधोमध शिडासारखे फिरले. एक रिक्षावाला ओरडला, "अबे काका, उडसान!"

बडनेरा

अमरावतीहून अकोल्याकडे जायचं तर बडनेऱ्याला येऊन गाडी पकडणं सोयीचं. प्लॅटफॉर्मवर आम्ही चौकट उभी धरून थांबलो. एक म्हातारे गृहस्थ आले, सरांच्या गोलातल्या फोटोपुढे उभे राहिले, टोपी काढली आणि हळू आवाजात बाबांना विचारलं, "कवा गेले?"

बाबा म्हणाले, "गेले नाई जी. कालच कॉलेजात भेटले."

"मंग कोनाचा वाढदिवस?"

"वाढदिवस नाई. मेथीचं हाय."

गृहस्थांनी टोपी घातली आणि आमच्याकडे वळून वळून बघत पुढे गेले. पॅसेंजरमध्ये चौकट तिरपी करून कशीबशी आत गेली, पण बाकांमधून वळेना. शेवटी दाराजवळच्या मोकळ्या जागेत उभी केली. मूर्तिजापूरपर्यंत तिच्या आडोशाला चार जणांचा पत्त्यांचा डाव रंगला होता. बाहेर वेचणी झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, मधे तूर, मधे हरभऱ्याचे हिरवे पट्टे, आणि सगळीकडे काळी माती. मी बाहेर बघत होते आणि मनात माझ्या पोस्टरची वाक्यं घोकत होते. डब्यातल्या कोणीही त्यातलं एक अक्षर वाचलं नाही. इतके लोक, इतका वेळ, समोर सहा फूट मजकूर, आणि सगळ्यांनी बघितला तो फक्त सरांचा फोटो. तेव्हाच काहीतरी टोचलं होतं, पण नेमकं काय ते समजलं नाही.

एका बाईनं मात्र विचारलं, "काय लिवलं हाय, माय, इतकं?"

मी सांगायला सुरुवात केली. तिचं बोरगाव आलं आणि ती उतरली. मी अजून प्रस्तावनेतच होते.

अकोला, पहिला दिवस

अकोल्यात माझी आत्या राहते, बाबांची धाकटी बहीण. तिनं दार उघडलं आणि चौकट पाहून म्हणाली, "दादा, तू इलेक्शनले उभा हायस काय?"

आत्याच्या घरात पाण्याचे ड्रम पाहुण्यांपेक्षा मानानं बसलेले असतात. नळ रोज येत नाही. आला की घरातली सगळी माणसं हातातलं टाकून धावतात. बोअरचं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, चहाही वेगळा लागतो. वलगावला पाण्याची एवढी किंमत आम्हाला नव्हती. बाबांनी सवयीनं पाय धुवायला तांब्याभर पाणी मागितलं, तर आत्यानं अर्धा तांब्या दिला आणि तोही नजर ठेवून. रात्री पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला होता. तिखट इतका की मला पोस्टरचा विसर पडला.

आत्यानं पोस्टरकडे बराच वेळ बघितलं. "अवं शीतल, हे वाचाचं कुठून चालू करतेत?"

"इथून. डावीकडून."

"इथं तं तुहे सर हायेत."

"त्यांच्या खालून."

"मंग हे मधातलं?"

"ते नंतर."

"अन् हे फोटो मेथीचे? हे तं सुंदर हायेत. इतके कोपऱ्यात काहून टाकले?"

मी म्हटलं, फोटो निष्कर्षाचे आहेत, निष्कर्ष शेवटीच येतो. आत्यानं 'हाव' म्हटलं, म्हणजे 'हो', पण तिच्या 'हाव'मध्ये दम नव्हता. मला राग आला. मग वाटलं, हिला काय कळतं. मग वाटलं, हिला कळलं नाही तर कोणाला कळणार. झोपेपर्यंत हेच चाललं.

अकोला, दुसरा दिवस

सकाळी परिषदेच्या मांडवात पोचलो. रांगेनं फळे उभे केले होते. सगळे उभे. तीन फूट रुंद, चार फूट उंच. शेजारी शेजारी, चिकटून.

माझी चौकट दोन फळ्यांवर येत होती आणि दुसरा फळा अंकितचा होता.

व्यवस्था बघणारे एक तरुण प्राध्यापक आले. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा चौकटीकडे बघितलं. "हे काय आहे?"

"पोस्टर आहे, सर."

"सूचनेत माप दिलं होतं ना?"

"हो, सर."

"मग?"

तीन बाय चार श्रद्धांजलीचं असतं, हे त्यांना कसं सांगायचं?  ते म्हणाले, "एका फळ्यात बसवा, नाहीतर काढा. परीक्षक येतीलच आता."

नाहीतर काढा. म्हणजे पोस्टर नाही, आणि जागाही अंकितची.  बाबा म्हणाले, "घडी घालू काय?" फ्लेक्सची घडी घातली तर पोट फुगतं. अंकित आपल्या फळ्याला पिना लावत होता, तो थांबला आणि म्हणाला, "अर्धं कापून टाक ना. तीन-तीन फूट. नेमकं मधूनच जातंय."

"अर्धं?"

"दुसरं काय करणार तू?"

डाव्या अर्ध्यात प्रस्तावना, पूर्वीचं संशोधन, उद्दिष्टं आणि सर होते. उजव्या अर्ध्यात पद्धत थोडी, मेथीचे फोटो, एक आलेख आणि निष्कर्ष. शीर्षक इंग्रजीत सहा फूट पसरलेलं होतं. कुठूनही कापलं तरी निरर्थक होणार होतं. ज्या माणसाच्या हातात माझी जागा होती त्याचाच फोटो कापायचा की माझी मेथी कापायची, हा प्रश्न माझ्यापुढे होता. पुस्तकी उत्तर मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही.

बाबा घाबरे झाले. "सराले कापू नको वं! मेथीचं तू तोंडानं सांगशीन. सरायले तोंडानं कसं दाखवशीन?"

अंकितही म्हणाला, "सर ठेव. रिस्क नको घेऊ."

मला काय झालं ते सांगता येत नाही. आत्याचं 'सुंदर हायेत' आठवलं असेल, किंवा गाडीत उतरून गेलेली ती बाई. मी म्हटलं, "सरांना काढा."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दगड फोडायला सांगितला. मग कनवटीचा अडकित्ता काढून ते खिळे उपटायला बसले. मांडववाल्याकडून ब्लेड आणलं. मी मधोमध रेघ मारली आणि कापलं. फ्लेक्स फाटताना जो आवाज येतो, तो मला फार मोठा वाटला. सर, प्रस्तावना आणि सगळे मोठमोठे विद्वान गुंडाळून बाबांनी टेबलाखाली सरकवले.

राहिलेलं अर्धं फळ्यावर चढवलं. वर शीर्षकाची शेपटी लोंबत होती. ती झाकायला कार्डशीट मागून आणली आणि जाड पेननं मराठीत लिहिलं : मेथीवर पाणी मारावं की नाही?

लिहून झाल्यावर मी दोन पावलं मागे सरकले आणि मला रडू यायला लागलं. अंकितचं पोस्टर चकचकीत, तीन रांगांत, मोकळ्या जागेसकट. माझ्यावर हातानं लिहिलेली पाटी, भाजीच्या दुकानावर असते तशी. मी बाबांना म्हटलं, "घरी जाऊ."

"आता काहून? सराले कापलं अन् आता घरी जातो म्हनते!"

तेवढ्यात मांडवात चहा देणारी बाई थांबली. तिनं पाटी वाचली आणि म्हणाली, "मारावंच लागते ना." तिच्या मागचे एक प्राध्यापक म्हणाले, "नाही, नाही, आमच्या मिसेस म्हणतात मारू नये." त्यांच्या मागे दोन मुली. मी काही समजावून सांगायच्या आतच तिथे वाद चालू झाला होता, आणि मी मध्ये बोट घालून फोटो दाखवत होते. ही पहिल्या दिवसाची, ही नंतरची, ही बघा बांधल्या जागी काळी पडलेली.

मग परीक्षक बाई आल्या. पांढऱ्या केसांच्या, कडक सुती साडी. त्यांनी पाटी वाचली, फोटो बघितले आणि विचारलं, "म्हणजे मारू नये. बरोबर?"

मी 'हो' म्हणायच्या आत मागून आवाज आला, "म्याडम, पानी तं माराच लागते."

बाबा. माझ्याच मागे उभे. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं.

बाई वळल्या. "आपण?"

"मी हिचा बाप. भाजी विकतो."

"का मारावं लागतं?"

"चमक येते. चमक नसन तं गिऱ्हाईक हात लावत नाई. हे पोट्टी खोलीत बसून फोटो काढते. खोलीत गिऱ्हाईक येते काय?"

लोक हसले. मला राग आला आणि राग आला की मी वऱ्हाडीतच बोलते. "बाबा, तुमी सकाळी पानी मारता, संध्याकाळी विकून मोकळे होता. तितक्या वेळात काई होत नाई. पन जे जुडी घरी जाते, ते दुसऱ्या दिवशी पाहा ना. ते कोन पाह्यते? तुमी पाह्यता काय?"

"गिऱ्हाईक पाह्यते."

"अन् मंग म्हनते, वलगावची मेथी टिकत नाई!"

बाबा गप्प झाले. पटलं म्हणून नाही. हे त्यांनी बाजारात ऐकलेलं वाक्य होतं म्हणून. बाईंनी पुढे विचारलं, "मग चमकही हवी आणि टिकायलाही हवी, तर विक्रेत्यानं काय करावं?" मी म्हटलं, हे मला अजून माहीत नाही; तेच मला पीएचडीत बघायचं आहे. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि अंकितकडे वळल्या. त्याचं पोस्टर त्यांनी शांतपणे पूर्ण वाचलं. बाई आणि अंकित, दोघंही समाधानी दिसत होते.

गर्दी पांगल्यावर दिसलं, सर खांबापाशी उभे होते. कधीपासून, कोण जाणे. ते आले, माझं अर्धं पोस्टर बघितलं आणि विचारलं, "बाकीचं?"

बाबांनी टेबलाखालची गुंडाळी काढून, काही विचार न करता, उलगडून दाखवली. सरांचा गोल फोटो वर आला. सरांनी स्वतःकडे बघितलं. "हे कोणी टाकलं?"

"म्या," बाबा म्हणाले. "अन् हिनं कापलं."

सर वळून निघून गेले. ते रागावले की नाही, मला कळेना. बाबांनाही कळेना. आम्ही दोघं आरोपीच्या पिंजऱ्यात बसल्यासारखे खुर्च्यांवर बसून राहिलो.

संध्याकाळी बक्षिसं जाहीर झाली. पहिलं नागपूरच्या एका मुलीला, दुसरं अंकितला. माझं नाव कशातच नव्हतं. बाबांनी टाळ्या मात्र जोरात वाजवल्या, अंकितला त्यांनी मिठी मारली आणि म्हणाले, "तुह्याच सांगन्यानं कापलं बाप्पा." अंकित लाजला.

परतताना

आत्यानं जाताना ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि म्हणाली, "चौकट ठेवून जाय. पोतं ठोकलं का ड्रमावर झाकन होईन." चौकट आम्ही तिथेच ठेवली. गाडीत हात मोकळे होते, तर कुठे ठेवावेत ते सुचत नव्हतं. बाबा सगळ्या वाटेत एकदाच बोलले, "दुसऱ्या दिवशीची जुडी मी खरंच कदी पाह्यली नाई वं."  त्यांना पाणी मारणं थांबवायचं नव्हतं, हे मला माहीत होतं.

सोमवारी सरांनी दोघांना बोलावलं. म्हणाले, "अंकित, तुझं पोस्टर उत्तम होतं. नियमात बसणारं, नीटनेटकं. शीतल, माझा फोटो कापलास ते मला आवडलं नाही. लावलास तेही आवडलं नाही."  ते पुढे म्हणाले, "पण अंकितच्या फळ्यापुढे कोणी भांडलं नाही. तुझ्यापुढे तुझा बाप भांडला, आणि तुला जे माहीत नव्हतं ते तू माहीत नाही म्हणालीस. मला तसं माणूस पाहिजे."

अंकित दुसऱ्या विद्यापीठात गेला. आम्ही अजून बोलतो. लोक मला विचारतात, चांगलं पोस्टर कसं करायचं. मला खरंच सांगता येत नाही. मी एक वाईट केलं होतं आणि त्यातलं अर्धं फेकलं, इतकंच मला माहीत आहे.

सरांकडची पीएचडीची जागा मला मिळाली. नोंदणी झाली आहे, काम सुरू आहे.